आमचं पॉवरहाऊस कुठे जात नाही

३ मार्च, सोमवार

आधी तारीख वाच, मग पुढचं. ही डायरी वाचणार कोण, तर माझी सून. चष्मा डोक्यावर चढवून घरभर चष्मा शोधणारी बाई. काल काय ठरलं ते तिला आज आठवत नाही, आणि आज काय ठरलं ते आजच आठवत नाही. तिच्या भरवशावर माझ्या आठवणी सोडता येत नाहीत, म्हणून ही डायरी. माझी आहे, फक्त माझ्यासाठी आहे. मला वाचता येत नाही ही बारीकशी अडचण. त्यामुळे मी सांगणार, ती लिहिणार आणि रविवारी मला वाचून दाखवणार. ती विचारते, ‘बारीकशी अडचण’ हेसुद्धा लिहू का? म्हटलं, मी बोलेन ते सगळं लिही. शिंकले तर शिंक लिही.

विषय एकच. कोळसा.

माझ्या इस्त्रीच्या टेबलासमोरच्या खिडकीतून पॉवरहाऊसची चिमणी दिसते. माझे यजमान तिथे बॉयलरवर होते. लेक तिथेच आहे, कोळसा आत नेणाऱ्या पट्ट्यावर. पॉवरहाऊस चालू तर लेक इथे. लेक इथे तर सून इथे, नात इथे. एवढं सरळ आहे. आता टीव्हीवर रोज सांगतात की जग कोळसा सोडतंय. सोडू दे. माझे यजमान दर महिन्याला तंबाखू सोडायचे.

संकल्प: कुठला देश सोडतोय, कुठला नुसता बोलतोय, यावर मी जातीने लक्ष ठेवणार. बाकीचे रेंगाळले तर आमच्या पॉवरहाऊसला कोण हात लावतंय?

७ मार्च, शुक्रवार

देशांची माहिती आणायला मास्तर नेमले. मास्तर म्हणजे वरच्या मजल्यावरचे रिटायर झालेले भूगोलाचे मास्तर. एकटे असतात, शर्ट माझ्याकडे टाकतात आणि पेपर घेऊन तासभर स्टुलावर बसतात. ते ऊन-वाऱ्याच्या विजेच्या बाजूचे. मी कोळशाच्या.

भिंतीवर विझलेल्या कोळशाने यादी केली. मला अक्षरं येत नाहीत म्हणून चित्रं. ब्रिटनची छत्री. जर्मनीची मोटार. डेन्मार्कचं भिरभिरं. पोलंडची टोपी, खाणीत घालतात तसली. सगळ्यात जास्त सुधारलेला देश सगळ्यात वर, असं मास्तर म्हणाले. मी म्हटलं, सगळ्यात वर म्हणजे सगळ्यात जास्त बिघडलेला. भांडण नको म्हणून यादी एकच ठेवली. ते वरून वाचतात, मी खालून.

पहिल्याच दिवशी धक्का. ब्रिटनने शेवटचं कोळशाचं पॉवरहाऊस कधीच बंद केलंय. मास्तर म्हणाले, विजेसाठी कोळसा जाळायला सुरुवात त्यांनीच केली होती, दीडशे वर्षं होत आली. ज्यांनी आम्हाला ही सवय लावली तेच आधी उठून गेले! पंगतीला बोलावून यजमानानेच हात धुवावेत तसं झालं. छत्री पुसून टाकली. मास्तर म्हणाले, पुसायची नाही, वर न्यायची. पुसली.

१५ मार्च, शनिवार

लेक ओव्हरटाइमला गेला. गेल्या थंडीपासून दर शनिवारी जातो. जे बंद पडायचं असतं तिथे ओव्हरटाइम देतात का? हा मुद्दा मास्तरांना ऐकवला. ते सुनेकडे बघत राहिले. सून डब्याचं झाकण शोधत राहिली.

इथे एक लिहून ठेवते. माणसं तोंडाने खोटं बोलतात, कपड्यांनी नाही. वकीलबाईंचं घरात बिनसलं तेव्हा सगळ्यात आधी मला कळलं, कारण नवऱ्याचे शर्ट येईनासे झाले. शिंप्याने दारू सोडली ते त्याच्या खिशांवरून कळलं. माझ्या टेबलावरून गेलेला माणूस मला फसवू शकत नाही.

१७ मार्च, सोमवार

लेकाचा शनिवारचा शर्ट न धुताच टेबलावर आला. काळा कण नाही. कॉलर पांढरीशुभ्र. ओव्हरटाइम करून इतका स्वच्छ! म्हणजे लेकाला ऑफिसात घेतलेलं दिसतंय. बोलत नाही, लाजतो. बापासारखाच आहे.

दोन्ही खांद्यांवर मात्र आडव्या रुंद चुण्या आहेत, पट्टा आवळल्यासारख्या. पँटला मांड्यांवरही तशाच. मोठ्या ऑफिसात खुर्च्यांना पट्टे असतात का, असं सुनेला विचारलं. तिला माहीत नाही म्हणे. पाण्याचा शिपका मारून दाबून सपाट केल्या. साहेबाच्या कपड्यांना चुण्या शोभत नाहीत.

२ एप्रिल, बुधवार

आज चीन. मास्तर म्हणाले, जगात जेवढा कोळसा जळतो त्यातला निम्म्याहून जास्त हा एकटा जाळतो. मी टाळी वाजवली. मग म्हणाले, जगात सगळ्यात जास्त सोलर आणि पवनचक्क्याही हाच लावतो. मी टाळी परत घेतली. जेवायला एका घरी आणि झोपायला दुसऱ्या घरी, असल्या माणसाला यादीत कुठे ठेवायचं? वरही काढला, खालीही काढला. मास्तर म्हणाले, हे मात्र बरोबर आहे.

११ मे, रविवार

सुनेने आज विजेच्या इस्त्रीचा विषय काढला. हलकी असते म्हणे, धूर नाही, तुमचा हात दुखणार नाही. म्हटलं, बाई, ती इस्त्री चालते कशावर? विजेवर. वीज येते कुठून? त्या चिमणीखालून. म्हणजे तुझी इस्त्रीसुद्धा कोळसाच खाते, फक्त जेवायला लांब जाते. मी निदान समोर बसवून वाढते.

मास्तर मध्येच म्हणाले, तुमचा लाकडी कोळसा आणि पॉवरहाऊसचा दगडी. दोघांचं नातं नाही. म्हटलं, आडनाव एकच आहे ना, मग झालं.

सुनेशी आज गोड बोलायचं ठरवलं होतं. उद्यापासून.

२५ मे, रविवार

नातीने चित्र काढलं. उंच पांढरा खांब, त्याच्या टोकावर तिचे बाबा, हात वर करून. खाली एवढीशी मी. बापाला चिमणीच्या टोकावर बसवलंय! पॉवरहाऊसचा राजा! मी ते इस्त्रीच्या टेबलावर चिकटवलं. चिमणीला तिने तीन पाकळ्या काढल्यात, फुलासारख्या. पोरगी हौशी आहे. सून म्हणाली, चित्र जरा आत ठेवूया का? का म्हणून? येणाऱ्या-जाणाऱ्यांना दिसू दे.

१८ जून, बुधवार

मास्तरांनी पेपरवर बोट ठेवून जर्मनी वाचून दाखवली. कायदाच केलाय, फार तर दोन हजार अडतीसपर्यंत कोळसा संपवणार. मी म्हटलं, तेव्हा मी नसेन, म्हणजे कायदा माझ्यासाठी नाही. शिवाय मध्यंतरी गॅस मिळेना तेव्हा याच जर्मनीने बंद केलेली कोळशाची पॉवरहाऊसं पुन्हा पेटवली होती, हे मास्तरांनी स्वतःच्या तोंडाने कबूल केलं. रुसून गेलेलं माणूस भूक लागली की घरी येतं. मोटार खाली आणली.

कानाला खडा: कायद्यांना घाबरायचं नाही.

२२ जून, रविवार

आयर्लंडनेही सोडला. परवाच. मी त्याचं चित्र अजून काढलं पण नव्हतं. निदान थांबायचं तरी.

६ जुलै, रविवार

आज मन लागत नाही. इस्त्री तापवली आणि तशीच विझू दिली.

पोलंड माझा होता. सगळे सोडून गेले तरी हा जाणार नाही, असं मी मास्तरांना चारचौघांत सांगितलं होतं. तिथल्या खाणीवाल्यांनी सरकारला नाक मुठीत धरून बसवलंय, हेही मास्तरांनीच सांगितलं होतं. आज तेच म्हणाले, जून महिन्यात पोलंडमध्ये ऊन-वारा वगैरेंनी मिळून कोळशापेक्षा जास्त वीज दिली. पहिल्यांदाच. थोडीशीच जास्त. पण जास्त.

मी म्हटलं, एका महिन्याचं काय एवढं? मास्तर म्हणाले, बाई, सुरुवात महिन्यानेच होते. आवाजात आनंद नव्हता, ते मात्र कबूल करते.

टोपी वर नेली नाही. पुसलीही नाही. हात फिरवला, थोडी फिसकटली.

लेक जेवताना म्हणाला, आई, तू त्या देशांचं इतकं मनाला का लावून घेतेस? म्हटलं, तुझ्यासाठी. तो पाणी प्यायला उठला तो आलाच नाही.

१४ जुलै, सोमवार

पॉवरहाऊसच्या गेटवर कागद लागलाय. सप्टेंबरअखेर बंद.

शिंप्याने सांगितलं. मी त्याला खोटारडा म्हणाले. मग वकीलबाईंनी सांगितलं. त्यांना काहीच म्हणता येईना.

सगळी गल्ली हातपाय गाळून बसलीय. मी नाही. पॉवरहाऊसच्या मॅनेजरसाहेबांचे पांढरे शर्ट माझ्याकडे येतात आणि या घटकेला सगळेच्या सगळे माझ्या कपाटात आहेत. बुधवारी त्यांच्याकडे वरचे साहेब येणार. कागद उतरला की शर्ट मिळतील. लेकाला हा प्लॅन सांगितला नाही. मी त्याची नोकरी वाचवली हे त्याला बाहेरून कळू दे. त्यात मजा आहे.

१६ जुलै, बुधवार

लिही.

मॅनेजरसाहेब सकाळी पिवळ्या टी-शर्टात आले. आजी, शर्ट द्या, उशीर होतोय. म्हटलं, आधी चिमणीचं बोला. ते मास्तरांच्या स्टुलावर बसले. म्हणाले, ठरलंय ते वरून, माझ्या हातात काही नाही, मलाही जावंच लागणार आहे. मी म्हटलं, तुम्ही जा. माझा लेक जाणार नाही. कोळशाच्या धुरात जन्मलाय तो. तो गेटवर आडवा पडेल.

त्यावर त्यांनी घड्याळ बघायचं सोडलं. मग म्हणाले, आजी, तुम्हाला घरी कुणी सांगितलं नाही का? नाव सगळ्यात आधी त्यानेच दिलं. पवनचक्कीच्या ट्रेनिंगला. पहिल्या बॅचमध्ये आहे. बाकीच्यांना कॅन्टीनमध्ये उभं राहून त्यानेच धीर दिला, की या, जमतं, मी करतोय.

मी विचारलं, ट्रेनिंग कधी असतं. म्हणाले, शनिवारी. पट्टे बांधून वर चढवतात. खांद्यांवरून दोन, मांड्यांवरून दोन.

ते पट्टे मी माझ्या हातांनी सपाट केले. दर सोमवारी, पाण्याचा शिपका मारून.

शर्ट दिले. सगळे दिले. एकाची कॉलर जळली होती, ते सांगितलं नाही.

आणि आता तू. लिहायची थांबू नकोस. लिही, की तुला थंडीपासून माहीत होतं. ‘ओव्हरटाइम’ मी सांगितलं, तू लिहिलंस. ‘ऑफिसात घेतलंय’ मी सांगितलं, तू लिहिलंस. दर रविवारी वाचूनही दाखवलंस, न अडखळता. जगात कुणी कुणाचा असा केसाने गळा कापला नसेल. रडू नकोस, शाई पसरेल. काय म्हणालीस? ‘त्यांनी शपथ घातली होती.’ बरं. तेही लिही. ‘आणि तुम्ही इतक्या खुशीत सांगायचात की माझ्याच्याने मोडवेना.’ हे लिहू नकोस. लिहिलंस? राहू दे.

आजपासून तू या डायरीच्या कामावरून कमी.

१९ जुलै, शनिवार

आज मास्तर लिहीत आहेत. अक्षर मोत्यासारखं आहे असं ते स्वतः सांगतात. मला काय, मला सगळ्या मुंग्याच. मास्तरांनाही माहीत होतं. फक्त त्यांनी निदान पोलंडचं खरं सांगितलं, म्हणून नेमणूक.

लेक काल टेबलाजवळ जमिनीवर येऊन बसला, लहानपणी निखारे बघायला बसायचा तसा. मी घडी घालत राहिले. म्हणाला, आई, किनाऱ्यावर नोकरी मिळालीय. दिवसभराचा प्रवास आहे. दोन ऑगस्टला निघायचंय, सगळ्यांनी. सगळ्यांत तू पण. म्हटलं, इथल्या लोकांच्या घड्या कोण घालणार? मग म्हणाला, मी तुला आधी सांगायला हवं होतं ते खरं. पण सांगितलं असतं तर तू मॅनेजरचे शर्ट अडवले असतेस. म्हटलं, ते तसेही अडवले.

हसला. मी हसले नाही. म्हणजे त्याला दिसेल असं नाही.

मग म्हणाला, वर गेलं की श्वास पुरतो, आई. बाबा शेवटी कसे खोकायचे, आठवतंय ना?

म्हटलं, नाही आठवत.

मास्तर, तुम्ही पेन का थांबवलंत? नाही आठवत, एवढंच म्हटलं मी. तेवढंच लिहा.

संकल्प: लेकाशी बोलायचं नाही. सुनेशी बोलायचं नाही. नातीशी बोलायचं, पण घरच्या गोष्टी सोडून.

२ ऑगस्ट, शनिवार

गेले.

टेम्पोत सामान भरत होते तेव्हा मी इस्त्री पेटवून बसले. आज एकही कपडा आलेला नव्हता. टेबलावरची चादरच उलटसुलट दाबत होते. लेक पाया पडला. मी म्हटलं, शर्टाचं बटण लाव. सून म्हणाली, आई, दर रविवारी मी फोनवरून लिहून घेईन. म्हटलं, गरज नाही, आमच्याकडे मोत्यासारखं अक्षर आहे. नात टेम्पोतून ओरडत होती, आजी, तू उद्या ये! पोरीला सांगून ठेवलंय वाटतं कुणीतरी.

काळजी नाही. महिन्याभरात येतील. लेक लहानपणी माळ्यावरच्या शिडीवर चढायचा नाही, खालून मला हाका मारायचा. तो खांबाच्या टोकावर राहणार? जर्मनी परत आली होती. हा तर माझा लेक आहे.

खोली झाडून ठेवली. तीन उशा उन्हात घातल्या.

१७ ऑगस्ट, रविवार

मास्तर माझी वाक्यं सुधारतात. मी ‘मेला’ म्हणाले की ते ‘दिवंगत’ लिहितात. पोलंडबद्दलसुद्धा. आणि वाचताना वर्गात उभं केल्यासारखे वाचतात, ऐकता ऐकता माझीच पाठ ताठ होते. त्यांनाही कामावरून कमी केलं. ते उठले नाहीत. चहा पिऊन गेले.

२४ ऑगस्ट, रविवार

फोनवरून सुनेला सांगतेय. तात्पुरतं. माफ केलेलं नाही, हे मोठ्या अक्षरात लिही.

लेक कसा आहे, हे विचारलं नाही. ती आपणहून बोलली. परवा पहिल्यांदा पार वरपर्यंत गेला. अर्ध्यावर थांबला, डोळे मिटले, मग गेला. खाली आल्यावर म्हणे बराच वेळ गवतात बसून होता. मी म्हटलं, हे मी विचारलं होतं का? आणि अर्ध्यावर किती वेळ थांबला?

उशा पुन्हा उन्हात घातल्या. पावसाळी हवा आहे, वास धरतात.

१४ सप्टेंबर, रविवार

अजून परत यायचा विषय काढत नाहीत. लाज वाटत असेल. मी सुचवलं की हवा मानवत नसेल तर संकोच करू नका. सून म्हणाली, नातीचं शाळेत नाव घातलं.

बरं, ठीक आहे. शाळा कुठेही बदलता येते.

३० सप्टेंबर, मंगळवार

आज रविवार नाही, तरी फोन केला. कामात असलीस तरी लिही.

आज दुपारी चिमणीचा धूर थांबला. आधी बारीक झाला, मग तुटक आला, मग नुसतं आभाळ. मी खिडकीतच होते. गल्लीतले बरेच जण रस्त्यावर येऊन बघत उभे होते. शिंप्याने टोपी काढली.

मी आठवडाभर सगळ्यांना बजावून ठेवलं होतं की आज संध्याकाळी अंधार पडणार. पडायलाच पाहिजे. इतकी वर्षं ज्याने उजेड दिला तो बंद केल्यावर दुसरं काय होणार? वकीलबाईंना मेणबत्त्या आणायला लावल्या. मास्तरांना जिना सांभाळून उतरा म्हटलं. मनात म्हटलं, एकदा गुडुप अंधार झाला की यांच्या लक्षात येईल कुणाला काढलंय ते. मग उद्या सगळे हात जोडत गेटवर जातील, चिमणी पेटवतील, आणि बाकीचं आपोआप होईल. बाकीचं म्हणजे काय ते तुला सांगायला नको.

संध्याकाळ झाली. मी खोलीचं दार उघडं ठेवलं, सगळ्यांना दिसावं म्हणून. हातात मेणबत्ती घेतली आणि बटण दाबलं.

दिवा लागला.

मी बंद केला. पुन्हा लावला. लागला. जरा लुकलुकला असता तरी मी समजून घेतलं असतं. मेल्याने पापणीसुद्धा हलवली नाही. ब्रिटन गेलं, पोलंड गेलं, लेक गेला, तू गेलीस, पण माझ्या डोक्यावरचा दिवा फितूर होईल असं वाटलं नव्हतं. यजमान त्या बॉयलरवर खोकून खोकून गेले. हो, आठवतंय मला. कसे खोकायचे ते सगळं आठवतंय, लेकाला सांग. त्यांच्यासाठी तरी एकदा अंधार व्हायला हवा होता.

मास्तर जिन्यावरून धडधडत उतरले, सांभाळून वगैरे काही नाही. दारात उभे राहिले. मी म्हटलं, बोला, जिंकलात. म्हणाले, बाई, मी जिंकायला आलो नव्हतो, तुम्ही अंधारात एकट्या असाल म्हणून आलो होतो. मग स्टुलावर बसून म्हणाले, हा उजेड आता किनाऱ्याकडून येतो, वाऱ्याचा. तुमच्या लेकाकडचा. म्हटलं, मग त्याला कळवा, जरा कमी पाठव म्हणावं, डोळ्यांवर येतोय.

उशा मी उद्या वकीलबाईंना देऊन टाकणार आहे. त्यांच्याकडे पाहुणे असतात.

नाही, मी तिकडे येत नाही. विचारू नकोस. पुढच्या उन्हाळ्यात विचार.

आणि ऐक. तिकडे दारोदारी मासे वाऱ्यावर टांगून वाळवतात म्हणालीस, ते पाठव. डोकी काढू नकोस, चव डोक्यातच असते. मीठ बेताचं. फडक्यात बांध, प्लॅस्टिकमध्ये घामेजतात. आणि दोघांपुरते पाठव. मास्तर देशांचे आकडे सांगायला बरोबर जेवायच्या वेळेलाच येतात.